फक्त एवढं दळून जा

मित्रांनो, राजूरला गणपतीच्या दर्शनाला आलात, की मंदिराकडे वळणाऱ्या रस्त्यावर नारळ-दुर्वांच्या दुकानांमागे तुम्हाला पत्र्याची एक शेड दिसेल. तिच्यात, मालकांच्या घराच्या ओट्याला लागून, मी असते. मी जुनी पिठाची गिरणी आहे. म्हातारी वस्तू बोलायला लागली, की ती रडगाणं गाणार असं तुम्ही धरूनच चालता. मोडकी छत्री रडते, फाटकं पुस्तक रडतं. मी रडणार नाही. मला राग आलेला आहे. तो जुना आहे, आणि चांगला बारीक दळलेला आहे.

माझा जन्म दूर गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये बसून, धूळ खात, हाडं खिळखिळी करून घेत मी राजूरला आले. मला आणलं कचरूबाबांनी. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, पट्ट्याला हार घातला. त्यांच्या बायकोनं, गोजरबाईनं, पहिल्या ओंजळभर ज्वारीचं दळण माझ्या तोंडात सोडलं आणि खालून येणारं ऊन ऊन पीठ तळहातावर घेऊन ती बघतच राहिली. इतकं सोपं? तिच्या हाताला जात्याच्या खुंट्यानं घट्टे पडले होते. त्या दिवशी तिचं जातं उचलून न्हाणीपुढं टाकलं. त्यावर उभं राहून आता घरातली माणसं पाय धुतात.

जात्यावर बसली की गोजरबाई ओव्या म्हणायची. मला त्या ऐकायला मिळाल्या नाहीत, पण माझ्याकडे दळण घेऊन आलेल्या बायका सांगायच्या, की तिच्या ओवीला धार होती. त्यातली एक एवढी गाजली होती की शेडमध्ये उभ्या उभ्याही बायका ती म्हणून दाखवत :

दगडाच्या सोयऱ्या, तुला सांगते मनातलं
सासूबाई ऐकती, त्यांना वाटे गानं जनातलं

बघा कशी युक्ती होती ती. जात्यापाशी बाई काहीही बोलू शकत होती. गाणं म्हणून बोलली की ते घरभर ऐकू जायचं, पण कुणाला त्याचा राग धरता यायचा नाही. मी आले आणि ओव्या बंद पडल्या. माझ्या घरघरीत कुणाचं गाणं टिकणार? माझी मोटर सुरू झाली, की शेडमध्ये माणसं हातानं खुणा करतात. बारीक हवं असलं की चिमूट चोळून दाखवतात, भाकरीचं हवं असलं की थापून दाखवतात.

वर्षं भराभर गेली. राजूरला चतुर्थीला गर्दी लोटते. खानावळवाले, भंडारेवाले पोतीच्या पोती आणून टाकायचे. त्या दिवसांत मी तापून लाल व्हायची, तरी थांबायची नाही. गावानं माझं कौतुक केलं. अमक्या गिरणीचं पीठ काळं पडतं, तमक्या गिरणीच्या पिठाला कच येते, पण कचरूच्या गिरणीचं पीठ म्हणजे लोण्यासारखं. बायका डबे रांगेत ठेवून घरी जायच्या, स्वयंपाक आटपून परत यायच्या, आणि डबा जिथं ठेवला तिथंच असायचा. डबा पुढे-मागे करायचा नाही, हा आमच्या शेडचा कायदा. भांडखोरातली भांडखोर बाईसुद्धा तो मोडत नसे.

मग कचरूबाबा गेले. त्यांचा मुलगा रामप्रसाद मंदिराजवळ हार-नारळाचं दुकान चालवत होता, त्याला सवड नव्हती. तेव्हा मी वंदनाच्या वाट्याला आले. किंवा ती माझ्या.

वंदना मंठ्याची. बारावीचा निकाल लागला, पेढे वाटले, आणि त्याच पेढ्यांच्या गोडव्यात तिचं लग्न ठरवून टाकलं. चांगले मार्क पडले म्हणून स्थळही चांगलं आलं, असं तिचे वडील सगळ्यांना सांगत होते. सासरी येताना तिनं साड्यांच्या खाली घडी घालून पुस्तकं आणली होती. ती कधी उघडली नाहीत. दोन लेकरं झाली, सासूच्या गुडघ्यांनी संप केला, दुकानाचे हार ओवायचे तिच्याकडे आले आणि वर मी. मला तिच्याकडे देताना घरातली माणसं म्हणाली होती, तिला काय जड आहे, घरातल्या घरात तर आहे, बटण दाबायचं अन् उभं राहायचं.

मित्रांनो, "उभं राहायचं" म्हणणाऱ्यांपैकी एकानंही माझ्याजवळ कधी सकाळपासून दुपारपर्यंत उभं राहून बघितलं नव्हतं. इथून माझ्या रागाला सुरुवात होते.

एक दिवस वंदनाची मंठ्याची एक मैत्रीण देवदर्शनाला आली. मुक्त विद्यापीठातून घरी बसून बी. ए. करता येतं, पुस्तकं मिळतात, रविवारी जालन्याच्या केंद्रावर तास असतात, हे तिनं सांगितलं. रात्री जेवताना वंदनानं घरात विषय काढला. मला वाटलं होतं, आता भांडण होणार. तसं काही झालं नाही. रामप्रसाद म्हणाला, चांगलं आहे की. गोजरबाई म्हणाली, शीक बापा, कोन न्हाई म्हनतंय, फक्त घरचं सांभाळून शीक.

त्या वाक्यातला तो एक बारकासा शब्द तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. माझ्यात कुणी गव्हाबरोबर खडा टाकला तर मला लगेच समजतं. हा मलाही समजला नाही.

पुस्तकं आली. वंदना ती पिठाच्या पोत्यांमागे फळीवर ठेवायची. अभ्यासाला तिला घरात जागा नव्हती. घरात पुस्तक उघडलं की कुणीतरी पाणी मागायचं. तिला जागा सापडली ती माझ्या आवाजात. मोटर सुरू केली, की चार भिंती उभ्या राहिल्यासारखं व्हायचं. कुणी कितीही हाका मारल्या तरी तिला ऐकू जात नसत, आणि ऐकू गेल्या तरी "गिरणी चालू हुती" म्हणायची सोय होती. एका हातानं धान्य सोडायची, दुसऱ्या हातात पुस्तक. मोठ्यानं वाचायची. तोंडपाठ केलेलं मोठ्यानं म्हणायची. तिचा तो आवाज जगात फक्त मला ऐकू यायचा. इतका स्वच्छ, इतका ताठ आवाज घरात मी कधी ऐकला नव्हता. घरात ती अर्ध्या आवाजात बोलायची.

अर्थशास्त्र तिला आवडायचं. एकदा वाचता वाचता ती थांबली. मागची ओळ परत वाचली. गृहिणीने घरी केलेल्या कामाचा समावेश राष्ट्रीय उत्पन्नात केला जात नाही, असं काहीसं ते होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, "म्हंजी लोकाचं दळन दळून देते ते धरतेत, अन् त्याच पिठाच्या भाकरी घरी थापते ते न्हाई. तुझी गिनती हाय बाई, माझी न्हाई." पाठीमागे दळण घेऊन उभी असलेली म्हातारी तिला खुणेनं विचारत होती, काय झालं गं एकटी हसायला?

आता "फक्त"ची गोष्ट ऐका.

रविवारी जालन्याला तास असायचा. निघताना गोजरबाई म्हणायची, जा, फक्त दुपारच्या भाकरी टाकून जा. भाकरी टाकून निघाली, की रामप्रसाद म्हणायचा, फक्त एवढे हार ओवून दे, आज गर्दी हाय. हार ओवले, की लेकराला ताप. एसटी जायची. वंदना पदराला हात पुसत परत शेडमध्ये यायची. पहिल्या वर्षी एका पेपरला ती पळत पळत पोचली तेव्हा केंद्राचं फाटक लागलं होतं. चतुर्थी होती त्या दिवशी. तिनं ओवलेले हार मात्र वेळेवर देवाला पोचले.

तरी ती पास होत गेली. पुढच्या खेपेला तो पेपर काढला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी दोन काढले. शेवटी उरला अर्थशास्त्राचा एक. त्या वर्षी गोजरबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जालन्याला झालं आणि पेपर नेमका त्याच आठवड्यात आला. परीक्षेचं केंद्र दवाखान्यापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. रामप्रसाद फोनवर म्हणाला, फक्त आजचा दिवस थांब, मी उद्या येतो. ती थांबली. तिनं प्रश्नपत्रिका नंतर कुणाकडून तरी मागून आणली. माझ्या आवाजात उभं राहून तिनं त्यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. सगळं तिला येत होतं. मग तिनं ती प्रश्नपत्रिका घडी घालून चुलीत घातली.

त्या दिवशी माझ्या दगडांतून ठिणग्या निघाल्या, असं माझी दुरुस्ती करणारा भुजंग मिस्त्री सांगत होता. दगड झिजलेत, छिन्नीनं टाकी लावून खरबरीत करायला झाले, असं त्याचं म्हणणं. असेलही.

यंदा नोंदणीची मुदत संपत होती. हा पेपर दिला तर पदवी. हा गेला, तर आधीचं सगळं केलेलं मातीत, पुन्हा पहिल्यापासून. वंदनानं हे घरात सगळ्यांना सांगितलं. कॅलेंडरवर त्या रविवारी लाल गोल केला. गोजरबाईनं त्या गोलाकडे बघून मानही हलवली.

पण यंदा अधिक महिना आला होता. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव असतो. त्याला पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, औक्षण करायचं, ताटात दिवा लावून वाण द्यायचं. गोजरबाईची लेक मीना बदनापूरला दिलेली, तिचा नवरा कल्याणराव तिथं बँकेत. त्याला सुट्टी रविवारची. मीनाचा फोन आला, तेव्हा आईलेकींनी बोलता बोलता तारीख ठरवून टाकली. कोणता रविवार? तोच. लाल गोलातला.

वंदनानं शांतपणे सांगितलं, की त्या दिवशी माझा पेपर आहे, पुढचा रविवार धरा. गोजरबाईला खरंच वाईट वाटलं असावं, कारण ती पटकन म्हणाली :

"जा की तू. आमी काय धरून ठेवलंय का? तुझा पेपर अकराला. फक्त पुरन घालून ठेव, अन् जावाईबापूला ओवाळून जा. घरच्या सुनंनं ओवाळलं की बरं दिसतंय. ते काय, नवाला यून राह्यले."

रामप्रसादनं हिशेब केला. नवाला पाहुणे, साडेनवाची एसटी, साडेदहाला जालना. "होतंय बराबर," तो म्हणाला. त्याला बायकोचं वाईट व्हावं असं कधीच वाटत नव्हतं. तो चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांचा राग करायला फार ताकद लागते, म्हणून मी तो इतकी वर्षं साठवत होते.

रविवार उजाडला. वंदना अंधारातच उठली होती. डाळ शिजली, पुरण झालं, कणीक मळून झाली, धोंडे वळून, उकडून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. लेकरांच्या आंघोळ्या झाल्या. ओवाळायचं ताट तयार झालं. तिनं बरी साडी नेसली, पिशवीत हॉलतिकीट, दोन पेनं आणि पाण्याची बाटली टाकली आणि ती ओट्यावर उभी राहिली. नऊ वाजले. कल्याणरावाला फोन लावला तर तो म्हणाला, निघालोच. थोड्या वेळानं लावला, तर परत म्हणाला, निघालोच. भोकरदनकडून येणाऱ्या एसटीचा हॉर्न वळणावर वाजला. वंदनानं सासूकडे बघितलं. सासूनं रस्त्याकडे बघितलं. एसटी थांबली, दोन माणसं उतरली, चार चढली, गाडी गेली.

माझ्या शेडपुढे तेव्हा डबे लागलेले होते आणि तीन-चार बायका सावलीला बसल्या होत्या. त्यांनीही गाडी जाताना पाहिली.

मग ओट्यावरून गोजरबाई म्हणाली, अगदी सहज, जशी रोज म्हणते तशी :

"गाडी तर गेलीच. आता ते येईस्तोवर फक्त एवढं लायनीतलं दळून घे. उगं उभं राहून काय करतीस?"

वंदना शेडमध्ये आली. पिशवी तिनं खांद्यावरून काढली नाही. पहिला डबा उचलून माझ्या तोंडात रिकामा केला. बटण दाबलं. माझी मोटर घरघरली, पट्टा धावायला लागला, दगडाला दगड भिडला, आणि त्या आवाजाच्या आत उभी राहून वंदना बोलायला लागली.

आजवर तिनं माझ्यापाशी उत्तरं म्हटली होती. आज ती प्रश्न विचारत होती. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. भाकरींचा हिशेब मागत होती, हारांचा मागत होती, दवाखान्याच्या त्या बाकाचा मागत होती. अकरा वाजता पेपर आहे हे ज्याला माहीत आहे तो माणूस "निघालोच" किती वेळा म्हणतो, हे विचारत होती. बाहेर कुणाला यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं. तीनदा सासूला "आत्याबाई" म्हणाली, दोनदा नवऱ्याला "अहो". मी दळत होते. कधी नव्हे इतकं बारीक दळत होते. ती म्हणाली :

"मला कोनी न्हाई म्हनलंच न्हाई! न्हाई म्हनले असते तर भांडले असते मी, रडले असते, उपाशी राह्यले असते! तुमी हो म्हनून म्हनून मारलंत मला, आत्याबाई! गोड बोलून..."

आणि लाईट गेली.

मित्रांनो, मी मोठं यंत्र आहे, पण तारेतली वीज गेली की मी मांजरापेक्षा गरीब. माझा पट्टा सुटल्यासारखा मंद झाला, दगडांनी एक लांब उसासा टाकला, आणि सगळं गप्प झालं. एक आवाज तेवढा थांबला नाही, कारण त्याला थांबायची सवय नव्हती :

"...गोड बोलून माझी वर्षं दळून खाल्ली तुमी सगळ्यांनी!"

ते शेडबाहेर गेलं. ओट्यावर गेलं. रस्त्यावर गेलं. रस्त्यावर त्याच क्षणी कल्याणराव मोटारसायकलवरून एक पाय खाली टेकवत होता आणि मागे मीना पदर सावरत होती. गोजरबाई ओवाळायचं ताट घेऊन पायरीपर्यंत आली होती. रामप्रसाद दुकानातून येऊन पाहुण्यांना हात जोडत होता. सगळी माणसं जिथल्या तिथं राहिली. तुमच्या मोबाईलमधला व्हिडिओ मध्येच अडकतो ना, तशी.

वंदनाचा हात तोंडावर गेला. मी तिला ओळखते. ती आता पदर ओढून घरात जाणार, असं मला वाटलं. माझी मोटर जिवंत असती तर मी ओरडले असते, की जाऊ नकोस.

ती शेडच्या दारात आली. हात तोंडावरून काढला. आणि आवाज खाली न आणता म्हणाली :

"ऐकलं का? बरं झालं. धोंडे फडक्याखाली झाकलेत. पुरन हाय, कटाची आमटी हाय, भात तेवढा लावा. मी ओवाळनार न्हाई. माझा पेपर हाय."

रामप्रसाद पुटपुटला, "अगं, पाव्हन्यांच्या समोर..."

"पाव्हन्यांच्या समोरच हाय ना, म्हनून तर नीट बोलून राह्यले. गाडी काढता, का मी रस्त्यावर जाऊन कुनाला हात करू?"

मग मीना गाडीवरून उतरली. मीना तशी मानपानाची. मागच्या धोंड्याला साडीचा रंग आवडला नाही म्हणून ती दोन महिने बोलली नव्हती. ती सरळ आईकडे गेली आणि तिच्या हातातलं ताट तिनं काढून घेतलं.

"दे इकडं. नवरा माझा हाय, ओवाळीन मीच. तसंबी त्यांना कुनी ओवाळलं तरी ते तेवढेच उशिरा येतेत." आणि मग वंदनाकडे वळून, जरा खाली आवाजात : "वैनी, मला ठाऊकच नव्हतं वो तुमचा पेपर. आईनं सांगितलंच न्हाई. निघा तुमी."

कल्याणरावानं आपल्या बुटांकडे बघितलं. सावलीतल्या बायकांपैकी एक म्हातारी उठली, तिनं वंदनाच्या साडीवरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "जा पोरी. डबे काय पळून जातेत व्हय? राहू दे तितंच."

रामप्रसादनं गाडी काढली. किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला. वंदना मागे बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून, आणि ती दोघं उन्हात गेली.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. पण या घाईत वंदना माझं बटण बंद करायला विसरली होती.

दुपारी पाहुणे जेवून आडवे झाले होते, तेव्हा लाईट आली आणि मी आपोआप धडधडत सुरू झाले. सकाळच्या डब्यातले उरलेले दाणे लगेच संपले, मग तोंडात दाणा नाही. दगडावर दगड कोरडा घासायला लागला, करपल्याचा वास सुटला. गोजरबाई लंगडत लंगडत धावत आली. इतक्या वर्षांत तिनं माझं बटण दाबलं नव्हतं. कुठलं दाबायचं, तिला समजेना. पण रिकामं जातं फिरवू नये, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं रांगेतला पुढचा डबा उचलला आणि ज्वारी माझ्या तोंडात ओतली. दगड निवले. ती तिथंच, एक हात माझ्या अंगावर टेकवून उभी राहिली. डबा संपला, तिनं दुसरा ओतला. मग तिसरा. पीठ तिच्या भुवयांवर बसलं. ऑपरेशनच्या गुडघ्यावरचा भार ती सारखा दुसऱ्या पायावर घेत होती. उभं राहणं म्हणजे काय, ते त्या दिवशी तिला समजत होतं.

आणि माझ्या आवाजाच्या आत ती हळूच म्हणाली. जवळ जवळ चाळीस वर्षांनी म्हणत होती, म्हणून सूर लागत नव्हता :

शाळेच्या वाटेला बाभळीची गं सावली
पाटी माझी राह्यली, न्हाई परत घावली

म्हणजे तिलाही कुणीतरी शाळेतून उठवून आणलं होतं. मला कळवळा आला, मित्रांनो. माझा राग मात्र गेला नाही. जिची पाटी हरवली, तिनं दुसरीच्या हातातली पाटी जपायला हवी होती. आपण सोसलं म्हणून दुसऱ्यानंही सोसावं, हे पीठ मी कितीदा दळलं आहे, आणि त्याची भाकरी कुणाच्याच पोटाला लागलेली मी पाहिली नाही.

वंदना फाटक लागता लागता आत शिरली होती. संध्याकाळी ती परतली तेव्हा बोटांना शाई होती. रामप्रसाद दिवसभर केंद्राबाहेरच्या लिंबाखाली बसून राहिला होता. तिथं बसल्या बसल्या त्यानं पाहिलं, की पेपर सुटल्यावर कितीतरी बाया बाहेर आल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, आणि एकजात सगळ्या पळत होत्या. कुठं पळतायत या, त्यानं वंदनाला विचारलं. ती म्हणाली, "घरी. स्वयंपाकाला."

त्यानंतर काही दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही. निकाल लागला. वंदना पास झाली. मग मात्र सगळ्यांना वाचा फुटली. दुकानापुढे फ्लेक्स लागला, त्यावर तिच्याहून मोठा रामप्रसादचा फोटो. पेढे आले. गोजरबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढा देत होती आणि सांगत होती, की आमी शिकू दिलं सुनंला, आमच्या घरात तसलं काय न्हाई.

मी चालू होते. तरीही मला ते ऐकू आलं. रागाचे कान तीक्ष्ण असतात.

वंदनानंही ऐकलं. तिनं माझं बटण बंद केलं. तिला आता आवाजाचा आडोसा लागत नव्हता. ती ओट्यापाशी गेली आणि अगदी साध्या सुरात म्हणाली, "आत्याबाई, तुमी शिकू न्हाई दिलं. मी शिकले."

गोजरबाईचा पेढा धरलेला हात हवेत राहिला. मग पुढची बाई पायरी चढून आली, तेव्हा तिच्या हातावर पेढा ठेवत म्हातारी म्हणाली, "घे. आमची सून शिकली." आणि जरा थांबून, जणू घास जड जावा तसं : "तिची ती शिकली."

आता वंदना एम. ए. करते आहे. रविवारी ती तासाला जाते, आणि रविवारी माझ्यापाशी रामप्रसाद उभा असतो. त्याला अजून गहू बारीक काढता येत नाही. बायका चिमूट चोळून दाखवतात, तो जाडंभरडं काढून देतो, मग त्या त्याची थट्टा करतात. हे पीठ म्हशीला का माणसाला, विचारतात. तो घामेजून हसतो. मी त्याला सोपं जाऊ देत नाही. माझा पट्टा मुद्दाम घसरतो असं त्याला वाटतं. वाटू द्या.

मित्रांनो, मला तेल घातलं नाही, दगडांना टाकी लावली नाही, तर मी बंद पडते. मी बंद पडले की गावभर बोभाटा होतो, मिस्त्री येतो, चार माणसं भोवती जमतात. तुमच्या घरातली बाई बंद पडत नाही. तिच्यात दाणे नसले तरी ती फिरत राहते आणि आतल्या आत करपते. तो वास तुम्हाला येत नाही, कारण त्या वेळी तुम्ही धोंडे खात असता.

म्हणून एवढं ऐका. तुमची आई, बहीण, वहिनी, कुणीही, उद्या पुस्तक घेऊन बसली, तर तिला "शीक" म्हणायला जाऊ नका. तिनं तुम्हाला विचारलेलं नाही. तिच्या हातातलं लाटणं काढून घ्या, कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजा, आणि जाताना तिचं दार बाहेरून ओढून घ्या.